बाजूच्या सीटवरचा ब्रेक

माझा उजवा पाय स्वस्थ बसत नाही. खुर्चीत बसलो तरी तो फरशी दाबत असतो, न्हाव्यापुढे मान देऊन बसलो तरी दाबत असतो. झोपेतसुद्धा मी पाय मारतो असं आमची ही म्हणते, आणि तेवढ्यासाठी तिने पलंगाची बाजू कधीच बदलून घेतली आहे. त्यात पायाचा काही दोष नाही. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. अर्धं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात गेलं. शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा एक ब्रेक आम्हा शिकवणाऱ्यांच्या पायाशीही असतो. लोकांना वाटतं, तो अडीनडीला वापरायचा. मी म्हणतो, अडीनडी यायची वाट कशाला बघायची?

त्या ब्रेकच्या जिवावर माझ्या गाडीला कधी ओरखडा उठला नव्हता, आणि हे माझं ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना ऐकवून झालं होतं. मग एके दिवशी शिंप्याची सून शिकायला बसली. आमच्याच फाटकातून बाहेर पडताना तिने ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं आणि गाडी खांबावर निघाली. मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबायला निघालो, पण गुडघा अडला आणि पाय वेळेवर पोचलाच नाही. गाडी खांबाला घासली आणि बंद पडली. शिंप्याची सून हसत म्हणाली, "काका, डुलकी लागली होती का?" मीही हसलो. खांबाच्या जागी कोणाचं पोर असतं तर, हा विचार तिला शिवलाही नाही. माझ्या डोक्यातून तो जाईना.

डॉक्टरांनी गुडघा इकडे वळवला, तिकडे वळवला आणि सांगितलं, "काठी घ्या, चाला, फिरा. पण या पायाच्या भरवशावर आता दुसऱ्याला गाडीत बसवू नका." म्हणजे माझ्या सीटवर बसायला पगारी माणूस हवा होता. तो मिळाला नाही तर स्कूलची पाटी उतरवायची. पाटी उतरवायलाही माझी तयारी होती. भलत्याच्या पायाखाली तो ब्रेक द्यायची नव्हती.

जाहिरात दिली आणि माझी लेक मध्ये पडली. ती एका मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याच्या खात्यात आहे. तिथे तिला मॅडम म्हणतात, घरात आम्ही ठकी म्हणतो.

"बाबा, मुलाखतीची तयारी झाली का?"

"तयारी येणाऱ्याने करायची. मी मालक आहे."

"म्हणूनच तो ऑफिसातला मुलगा ठेवलात ना, अक्षर छान म्हणून? आठवड्यात पळाला."

"छत्री घेऊन पळाला," आतून हिने भर घातली. तिची छत्री होती ती, त्यामुळे हा विषय आमच्या घरी कधी जुना होत नाही.

ठकीने मला समोर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. मला! म्हणाली, "'तुम्ही काय कराल' असं विचारायचं नाही. काय कराल विचारलं की सगळेच शूर असतात. 'तुम्ही काय केलंत' ते विचारायचं. खरा घडलेला प्रसंग. कुठे, कोण होतं, तुम्ही स्वतः काय केलंत, पुढे काय झालं. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आणि प्रश्न विचारायच्या आधी आपण ठरवून ठेवायचं, की कसं उत्तर आलं तर चांगलं म्हणायचं. नाहीतर जो गोड बोलतो तो आवडतो."

"बरं. आणखी?"

"आणखी म्हणजे, प्रश्न विचारला की गप्प बसायचं."

"पगार मी देणार आणि गप्पही मीच बसायचं?"

"हो. समोरचा आठवत असतो. त्याला आठवू द्यायचं."

मी हो हो केलं. अवघड असं त्यात मला काही दिसलं नाही. माझा मुख्य प्रश्न तयारच होता. 'तुम्ही वेळेवर ब्रेक दाबून अपघात टाळलात, असा प्रसंग सांगा.' ठकी म्हणाली, "हा एकच? आणि ब्रेक दाबायचा नाही, अशी वेळ?" मी म्हटलं, अशी वेळ नसते. ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं.

पहिला उमेदवार आला तेव्हा ठकी कामावर होती. माणूस टाय लावून आला होता. स्कूलमध्ये टाय लावून आलेला पहिलाच माणूस, त्यामुळे मी आपोआप सरळ बसलो. हा टायवाला हसतमुख, नम्र, नखं कापलेली. मी ठरल्याप्रमाणे प्रश्न विचारला आणि गप्प बसलो. तो म्हणाला, "हो, तसा एक प्रसंग आहे खरा..." आणि छताकडे बघायला लागला. माझा पाय फरशी दाबायला लागला. छताकडे बघणारा माणूस मला बघवत नाही. मी म्हटलं, "चौकात असेल?" तो म्हणाला, "चौकातच." मी म्हटलं, "समोरून सायकलवाला आला असेल." "अगदी बरोबर, सायकलवाला." "आणि शिकणारा घाबरून स्टिअरिंगच सोडून बसला असेल." "सोडूनच दिलं हो त्याने!" "मग तुम्ही आधी ब्रेक, मग स्टिअरिंगला हात." "आधी ब्रेक," टायवाला म्हणाला, "मग हात."

इतकं नेमकं उत्तर! मी भारावून गेलो. बाकीचे प्रश्नही असेच सुरेख गेले. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. संध्याकाळी ठकी यायच्या आत मी मनातल्या मनात त्याला किल्ल्याही देऊन टाकल्या होत्या.

ठकीने बूट काढायच्या आधी विचारलं, "काय सांगितलं त्याने?"

मी सगळं सांगितलं. चौक, सायकलवाला, आधी ब्रेक, मग हात. ती ऐकत होती आणि तिच्या भुवया हळूहळू वर चालल्या होत्या.

"सायकलवाला आधी कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तो... म्हणजे मी. पण तो लगेच हो म्हणाला."

"आणि चौक?"

मी काठीची मूठ पुसायला लागलो. आतून भांडं घासायचा आवाज थांबला होता, म्हणजे हीसुद्धा ऐकत होती.

"बाबा, मुलाखत तुमचीच झाली," ठकी म्हणाली, "आणि तुम्ही पास झालात. अभिनंदन."

मायलेकी पोट धरून हसल्या. मला राग आला. आधी त्यांचा आला, मग टायवाल्याचा, आणि मग घाम फुटला. त्या माणसाला आयुष्यात ब्रेक दाबता येतो की नाही, हे मला काडीचं कळलं नव्हतं आणि मी त्याच्या शेजारी शिंप्याची सून बसवायला निघालो होतो. मी उठलो, खोलीत येरझारा घातल्या, काठी दोनदा टेबलाला आपटली. एकदा चुकून.

"चल," मी म्हटलं, "सराव घे माझा. तू उमेदवार हो."

ठकी दारातून पुन्हा आत आली, नमस्कार केला, समोरच्या खुर्चीत अदबीने बसली. तीनतीनदा मी तिचं वाक्य तोडलं आणि तीनतीनदा तिने पहिल्यापासून सुरू करायला लावलं. मला माझीच लाज वाटायला लागली. समोर बोलणाऱ्याचं वाक्य कुठे चाललंय ते मला आधीच दिसतं, आणि दिसलं की राहवत नाही. शेवटी मी दोन्ही हातांनी काठीची मूठ धरली आणि तिने सुचवलेल्या प्रश्नांपैकी एक विचारला, "एखादी गोष्ट शिकायला घेतलीत आणि अर्धवट सोडलीत, असा प्रसंग सांगा."

ठकीने टेबलावरच्या पेल्याकडे पाहिलं. मी दात आवळून बसलो. खूप वेळ गेला, निदान मला तरी तसं वाटलं.

"ड्रायव्हिंग," ती म्हणाली.

मला वाटलं, गंमत करते आहे. तिने शिकणं सोडलं ते परीक्षा आली म्हणून, असं मला सांगण्यात आलं होतं. मी तोंड उघडलं. तिने नुसतं पाहिलं, मी मिटलं.

"वडिलांकडे शिकत होते," ती उमेदवारासारखंच बोलत राहिली. "ते फार चांगले शिकवतात, सगळे म्हणतात. टेकडीच्या उतारावर, खाली सिग्नल आहे तिथे, मी रोज ब्रेक दाबायचे आणि गाडी थांबायची. पण त्याच वेळी तेही दाबायचे. माझ्या जरासे आधी. त्यामुळे गाडी माझ्या ब्रेकने थांबली की त्यांच्या, हे मला कधी कळलंच नाही. एक दिवस वाटलं, मला गाडी येतच नाही, नुसती येतेय असं दिसतंय. मग सोडून दिलं."

"पुढे काय झालं?" मी विचारलं. प्रश्न ठरलेला होता म्हणून विचारता आला.

"पुढे काही नाही. बसने जाते."

मी काठी घेऊन उठलो आणि "पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. वाण्याने दुकानातून विचारलं, काही हरवलं का? मी म्हटलं, हो, छत्री. मला स्वतःची बाजू मांडायची होती. पोटची पोर गाडी चालवते आणि बाप हातपाय बांधून बसेल का? माझ्याच मनात मी हे भाषण चारपाच वेळा केलं, आणि दरवेळी ते ऐकायला ठकी समोर नव्हती हे बरंच झालं असं वाटलं. ज्या मुलीला मी सगळ्यात जास्त जपलं, तिलाच मी शिकवू शकलो नाही. हे मला फार लागलं.

सकाळी चहाच्या वेळी मी म्हटलं, "एक प्रश्न वाढव. ब्रेक दाबता आला असता, पण दाबला नाहीत, असा प्रसंग."

ठकीने कप खाली ठेवला. "आणि चांगलं उत्तर कुठलं? ते आधी ठरवायचं."

"मला काय माहीत!"

"मग विचारता येणार नाही."

मी पुन्हा उठलो. खिडकीपाशी गेलो, फडताळापाशी गेलो, हिच्या पायात आलो म्हणून बोलणी खाल्ली. दाबला नाही असं तर आळशी माणूसही सांगेल. भित्रा पण सांगेल, ज्याचा गुडघा गेलाय तोही सांगेल. मग? मग मला जमलं. "ज्याने पुढचं नीट बघून घेतलं," मी म्हटलं, "आणि जास्तीत जास्त काय बिघडेल याचा हिशेब करून मग सोडलं, तो चांगला. न बघता सोडलं तो वाईट. आणि असा प्रसंगच कधी आला नाही म्हणेल तो..."

"तो?"

"तो माझ्यासारखा," मी म्हटलं. ही हसली, पण या वेळी माझ्या कपात आणखी चहा ओतून हसली.

दुसऱ्या उमेदवाराच्या दिवशी ठकीने रजा काढली. टेबलाच्या या बाजूला मी, माझ्या शेजारी ती. बसताबसता ती म्हणाली, "चपला काढा." मी काढल्या. तिने आपला पाय माझ्या डाव्या, धड पायावर ठेवला. "तुम्ही बोलायला लागलात की मी दाबणार."

"हे काय नवीन?"

"तुमच्याकडूनच शिकले."

आलेल्या बाई शाळेची बस चालवायच्या. त्याआधी दुसऱ्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत. खुर्चीच्या अर्ध्याच भागावर बसल्या, पर्स मांडीवर. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं, आणि मला पुढे वाकायला लावणारी माणसं आवडत नाहीत. वेळेवर ब्रेक दाबल्याचा प्रसंग त्यांनी दोन वाक्यांत संपवला. रस्त्यावर चेंडू आला, दाबला, मागची गाडी येऊन आदळली. "मागे बघायला हवं होतं. चूक माझीच होती," एवढं बोलून थांबल्या. चेंडूमागे पोर असतं, हे त्यांनी सांगायला हवं होतं! मी श्वास घेतला. पायावर वजन पडलं. मी श्वास सोडला.

मग तो प्रश्न. ब्रेक दाबता आला असता, पण दाबला नाहीत.

"तसं काही विशेष नाही, सर," बसवाल्या बाई म्हणाल्या.

झालं. टायवाल्याला मी इथे सायकलवाला दिला होता. यांना काय द्यावं, ते माझ्या जिभेवर आलंही होतं. ठकीने पाय दाबला. मी खिडकीबाहेर पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, माझा उजवा पाय टेबलाखाली फरशी दाबत होता आणि डावा लेकीच्या पायाखाली होता. बाईंनी पर्सची चेन उघडली आणि लावली. बाहेर कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, चुकीची घेत होतं, आवाजावरून कळत होतं. मला वाटलं, आता मी ओरडेन.

"एक होतं," बाई म्हणाल्या. "पण त्याचा त्रासच झाला मला."

ठकीचा पाय हलला नाही. मीही हललो नाही.

"एक काका शिकायला यायचे. वयस्कर. बायको होती तोवर तीच गाडी चालवायची. त्यांना प्रत्येक वेळी वाटायचं की आता मी ब्रेक लावीन, म्हणून ते लावायचेच नाहीत. मी सांगून सांगून थकले. एकदा मोकळ्या मैदानात सराव चालला होता. पुढे कचऱ्याचा रिकामा डबा होता, पत्र्याचा. डब्यामागे भिंत, पण भिंत बरीच लांब. माणूस नाही, कुत्रं नाही, मी दोन्हीकडे बघितलं. गाडी चालत्या माणसाच्या वेगात. मी पाय मागे घेतले आणि म्हटलं, काका, मी आज दाबणार नाही. त्यांना खोटं वाटलं. डबा पडला. मग त्यांनी ब्रेक दाबला."

"पुढे काय झालं?" मी विचारलं.

"बंपरला पोचा आला. मालक खूप बोलले. काम सुटलं, म्हणून मग बसवर गेले." त्यांनी पर्स उचलून पुन्हा मांडीवर ठेवली. "काका पास झाले पण."

त्यांना बाहेर बसायला सांगून दार लावलं, आणि मी उसळलो. "पोचा येऊ दिला! बघत बसली आणि पोचा येऊ दिला! उद्या माझ्या गाडीचं काय करेल?"

ठकी शांतपणे म्हणाली, "चांगलं उत्तर कुठलं, ते कोणी ठरवलं होतं?"

हीच तर या तयारीची खोड. आपणच आपल्याला बांधून घेतो. बघून घेतलं होतं का? घेतलं होतं, दोन्हीकडे. जास्तीत जास्त काय बिघडेल? डबा. आधी ठरवलेलं नसतं तर मी त्या बाईंना दोन मिनिटांत निरोप दिला असता आणि टायवाल्याला फोन लावला असता.

"गाडीत बसलेली बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," मी शेवटचं टुमणं लावलं. "पण शिकणारं कोण आणायचं आता? शिंप्याची सून गावाला गेलीय."

ठकीने पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तिचं स्वतःचं, शिकाऊ लायसन्स. नवीन, फोटोत कालपरवाचाच शर्ट.

"हे कधी काढलंस?"

"तुम्ही जाहिरात दिलीत त्याच आठवड्यात," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी फक्त किल्ल्या काढून दिल्या.

ठकी स्टिअरिंगवर, तिच्या शेजारी बसवाल्या बाई, आणि मी मागे. माझ्याच गाडीत मी मागे पहिल्यांदा बसलो होतो. मागून सगळं वेगळं दिसतं. पुढच्या दोघींच्या मधून जेवढा रस्ता दिसेल तेवढाच आपला. गल्लीत बाईंनी दोनदा ब्रेक लावला, एकदा मांजरासाठी आणि एकदा वळणावर, आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, "हा मी लावला." बास, तेवढंच. मला ते विचित्र वाटलं. मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

मग टेकडी आली, आणि उतार. खाली सिग्नल लाल होता. आमच्या पुढे कोणी नव्हतं, चौक मोकळा होता. बाईंनी आरशात मागे पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि दोन्ही पाय पेडलपासून काढून सीटकडे ओढून घेतले. गाडी उतरत होती. ठकीचे खांदे वर गेले होते. "दाब" हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला, आणि मी तोंडावर हात धरला. खरंच हात धरला, पोरासारखा.

गाडीला एक मोठा गचका बसला, आम्ही सगळे पुढे गेलो आणि मागे आलो. पुढची चाकं पांढऱ्या पट्टीवर जराशी चढली होती. गाडी थांबली होती.

ठकी पुढे बघत नव्हती. खाली बघत होती, शेजारच्या पायांकडे.

"तुम्ही लावला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझे पाय इथे आहेत, बघा."

मग ती मागे वळली. मी तिच्या सीटच्या मागे, पायपुसण्यावर, उजवा पाय इतक्या जोरात दाबून धरला होता की गुडघ्यातून कळा येत होत्या.

"बाबा?"

"मी दाबला होता," मी म्हटलं. "पण इथे काही नाहीये."

ती एकदम हसली आणि तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. तिने गडबडीत क्लच सोडला, गाडी बंद पडली. मागचा आणखी वाजवायला लागला. काय चुकलं ते मला ठाऊक होतं, काय करायचं तेही ठाऊक होतं, आणि ते सांगायला एका शब्दाहून जास्त काही लागणार नव्हतं. मी तो शब्द गिळला. ठकीने डोळे पुसले, चावी फिरवली, आणि चौक ओलांडला.

"बाई," मी मागून म्हटलं, "उद्यापासून येता का?"

"सर," बसवाल्या बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आत्ता तिच्याशी बोलू नका. आणि माझ्याशीही."